हिरवा ठिपका आणि तीन तासांचे मौन: पूर-इशारा सेन्सर जाळ्याचे एक प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या शहरातले आहे. शहर, कंत्राटदार आणि माणसे ओळखू येतील असा तपशील काढून टाकला आहे, काही आकडेही किंचित बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. सेन्सरच्या जाळ्याची आखणी करणाऱ्या गटात मी पहिल्या दिवसापासून होतो. पुढे जे निर्णय चुकले म्हणून सांगितले आहेत, त्यांतल्या काही कागदांवर माझी सही आहे.

## पार्श्वभूमी

शहरातून दोन मोठे नाले वाहतात. जोराच्या पावसात जुन्या वस्तीतली गटारे तुंबतात आणि सखल भागातले भुयारी मार्ग भरतात. पाणी कुठे चढले हे वर्षानुवर्षे फोनवरूनच कळायचे. सफाई खात्याचा मुकादम किंवा एखादा नागरिक नियंत्रण कक्षाला कळवायचा, मग गाडी निघायची. यात अर्धा-पाऊण तास सहज जायचा. हा वेळ वाचवावा म्हणून पालिकेने स्मार्ट सिटीच्या निधीतून ७२ ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवायचे ठरवले. त्यांचे संदेश झेलायला उंच इमारतींवर ५ गेटवे, आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. नकाशावर प्रत्येक सेन्सरचा एक ठिपका: पातळी ठीक असेल तर हिरवा, वाढली तर पिवळा, धोक्याची झाली की लाल.

सेन्सर अल्ट्रासॉनिक होते. चेंबरच्या वरच्या बाजूला टांगलेला सेन्सर खाली ध्वनीचा ठोका सोडतो आणि पाण्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यावरून अंतर काढता येते. उपकरण स्वस्त आहे आणि पाण्याला शिवत नाही, म्हणून गटारासाठी ते सगळ्यांनाच पसंत पडले.

संदेश पाठवण्यासाठी दोन मार्ग समोर होते. एक एनबी-आयओटी, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून चालणारे, २०१६ साली थ्रीजीपीपी या मोबाइल जाळ्यांची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणकात आलेले तंत्र. दुसरा लोरावॅन, ज्यात परवानामुक्त लहरींवर पालिकेला स्वतःचे गेटवे उभे करता येतात. दरमहा कोणाला पैसे द्यायचे नाहीत आणि जाळे आपल्या हातात राहते, म्हणून लोरावॅन निवडले. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर हा निर्णय योग्यच होता, आणि आजही मला तो चुकला असे वाटत नाही.

खरी ओढाताण बॅटरीवरून झाली. निविदेत अट होती की बॅटरी १० वर्षे चालली पाहिजे. चेंबर उघडायचा म्हणजे वाहतूक अडवा, झाकण उचला, विषारी वायू तपासा, आणि मगच माणूस आत उतरवा. त्यामुळे बॅटरी वारंवार बदलायची कल्पनाच कोणाला नको होती. मग असे ठरले की सेन्सर दर १० मिनिटांनी मोजमाप घेईल, पण पातळी स्थिर असेल तर ६ तासांतून एकदाच संदेश पाठवेल. पातळी ५ सेंटीमीटरहून जास्त वाढली तरच दर १० मिनिटांनी पाठवू लागेल. सांगण्यासारखे काही असेल तेव्हाच बोलायचे. बैठकीत हे सगळ्यांना शहाणपणाचे वाटले, मलाही.

स्वीकृतीची चाचणी ३० दिवस चालली, तीही कोरड्या महिन्यांत. अपेक्षित संदेशांपैकी ९७ टक्के पोहोचले. बिल मंजूर झाले.

## त्या रात्री काय झाले

पावसाळ्यातली ती पहिली मोठी रात्र. साडेदहाला सुरू झालेला पाऊस अकरानंतर धो धो कोसळू लागला. नियंत्रण कक्षात रात्रपाळीला दोघे होते. नकाशावर पाच-सहा ठिपके पिवळे, दोन लाल. गाड्या त्या दोन लाल ठिकाणी गेल्या. सर्वात सखल भुयारी मार्गाचा ठिपका हिरवा होता आणि त्याखाली आकडा होता ४१ सेंटीमीटर. पिवळ्याची मर्यादा ९० होती.

साडेबाराच्या सुमारास त्या भागाच्या मुकादमांचा फोन आला, "साहेब, इथं पाणी गुडघ्याला लागलंय. रस्ता बंद करायला पाहिजे."

पाळीवरच्या कर्मचाऱ्याने नकाशाकडे पाहिले. "आमच्याकडे तर एक्केचाळीसच दाखवतंय. तुम्ही नक्की त्याच मार्गापाशी आहात ना?"

मुकादम तिथेच होते, पण कर्मचाऱ्यालाही दोष देता येत नाही. प्रशिक्षणात आम्हीच त्याला सांगितले होते की फोनवरच्या अंदाजापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा. त्याने मुकादमांना थोड्या वेळाने पुन्हा फोन करायला सांगितले. एकच्या आसपास एक बस त्या मार्गात शिरली आणि मधोमध बंद पडली. अग्निशमन दलाने शिडी लावून प्रवाशांना काढले, तेव्हा पाणी खिडक्यांना लागले होते. कोणी दगावले नाही. बस बाहेर निघेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ, ठिपका हिरवाच होता. २ वाजून ५० मिनिटांनी तो एकदम लाल झाला: १७३ सेंटीमीटर.

## तपास: सेन्सर बोलत होता

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या प्रत्येकाचे मत एकच होते, सेन्सर बिघडला. कंत्राटदाराचा माणूस नवा सेन्सर घेऊनच आला होता. आमच्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याने मात्र सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि एक गोष्ट दाखवली, जी मी आजही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला दाखवतो.

लोरावॅनमधल्या प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. त्याला फ्रेम काउंटर म्हणतात. सेन्सर बोलला की काउंटर एकाने वाढतो, मग ते कोणी ऐको वा न ऐको. भुयारी मार्गाच्या सेन्सरची २३:४० ची नोंद होती क्रमांक २१२. त्यानंतरची नोंद ०२:५० ची, क्रमांक २३१. मधले १८ संदेश सेन्सरने पाठवले होते, दर १० मिनिटांनी, एकही न चुकवता. ते आमच्यापर्यंत आले नव्हते इतकेच.

मग कुठे गेले? धागा धागा सोडवायला दोन आठवडे लागले.

पहिला धागा वीज. त्या मार्गाला सर्वात जवळचा गेटवे पंपघराच्या गच्चीवर होता. पावणेबाराला त्या भागाची वीज गेली. पंपासाठी जनरेटर होता, तो लगेच सुरूही झाला. पण गेटवेची वायर बसवणाऱ्याने जवळच्या सॉकेटमध्ये लावली होती आणि तो सॉकेट दिव्यांच्या लाइनवर होता. जनरेटर दिव्यांना वीज देत नव्हता. मूळ आराखड्यात गेटवेला स्वतंत्र बॅटरी होती, ती खर्च कमी करताना वगळली गेली. गेटवे तीन तास बंद राहिला. महिन्याच्या ७२० तासांतले ३ तास म्हणजे ९९.६ टक्के उपलब्धता, आणि करारात मागितली होती ९९. करारानुसार त्या महिन्यात जाळे उत्तम चालले होते!

दुसरा धागा मला जास्त लागला, कारण तो सरळ पुस्तकातल्यासारखा होता. पंपघराचा गेटवे बंद झाला तरी दुसरा गेटवे दीड-दोन किलोमीटरवर होता आणि तो चालू होता. त्याला ऐकू का गेले नाही? लोरावॅनमध्ये संदेश किती सावकाश पाठवायचा हे स्प्रेडिंग फॅक्टरवर ठरते. ७ असेल तर छोटा संदेश सुमारे ०.०६ सेकंदात जातो, पण कमी अंतरावर. १२ असेल तर त्याच संदेशाला जवळपास १.५ सेकंद लागतात, पण तो बराच लांब पोहोचतो. एका जागी स्थिर असलेल्या उपकरणांनी हा आकडा सर्व्हरला ठरवू द्यावा अशी शिफारस असते. आम्ही तेच केले होते. पंपघर शेजारीच असल्यामुळे सर्व्हरने या सेन्सरला ७ वर आणले होते, म्हणजे हळू आवाजात बोलायला शिकवले होते. शेजारचा कान बंद झाल्यावर त्याने आवाज वाढवायला हवा होता. प्रमाणकात तशी सोय आहे. पण मूळ मांडणीत सेन्सर उत्तर न मिळता ६४ संदेश जाईपर्यंत थांबतो, मग उत्तर मागू लागतो, आणखी ३२ संदेशांची वाट पाहतो आणि मगच पहिली पायरी चढतो. एकूण ९६ संदेश. दर १० मिनिटांनी एक या हिशेबाने १६ तास. आपला पूर तीन तासांत येऊन ओसरला होता.

तिसरा धागा वेळेचा. त्याच कनिष्ठ सहकाऱ्याच्या लक्षात आले की त्या रात्रीच्या नोंदींच्या सगळ्या वेळा दहाच्या पटीत आहेत: २३:३०, २३:४०, ००:१०. आलेख एकमेकांशी जुळावेत म्हणून फर्मवेअर, म्हणजे सेन्सरच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याने मोजमाप घड्याळाच्या पूर्ण दहा मिनिटांवर बांधले होते आणि पावसातला संदेशही तिथेच, त्याच सेकंदाला सुटत होता. कोरड्या दिवसांतला सहा तासांचा संदेश मात्र सेन्सर चालू केल्याच्या वेळेपासून मोजला जायचा, त्यामुळे तो आपोआप विखुरलेला होता. म्हणजे चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते. पावसात पन्नासेक सेन्सर एकाच क्षणी बोलू लागले, आणि चालू असलेल्या गेटवेंपाशीही संदेशावर संदेश आपटले.

इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण संशोधनाच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर झाली, ही रीत नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठात अलोहा या जाळ्यासाठी मांडली. लोरावॅनची उपकरणे आजही जवळपास तशीच बोलतात. अलोहाच्या गणितात माध्यमाचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कारणी लागतो, आणि त्या गणिताचा पाया असा की बोलणारे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. शहरावर पाऊस पडतो तेव्हा नेमके हेच गृहीतक कोसळते. सगळ्या सेन्सरना एकाच कारणाने, एकाच वेळी बोलायचे असते. प्रयोगशाळेत हजार उपकरणे यादृच्छिक वेळी बोलायला लावून घेतलेली चाचणी या प्रसंगाबद्दल फारसे काही सांगत नाही.

चौथा धागा साधा, पण त्याला उपाय अवघड. चेंबरवरचे लोखंडी झाकण आधीच लहरी अडवते. त्यावर पाणी साचले आणि अँटेना बुडाली की आवाज बाहेर येतच नाही. अकरा चेंबर असे बुडून गप्प झाले होते. त्यातही भर म्हणजे, पाणी सेन्सरच्या अगदी जवळ आले की तो पहिला प्रतिध्वनी पकडू शकत नाही. दोनदा आपटून आलेला दुसरा पकडतो आणि अंतर दुप्पट सांगतो. दोन चेंबरमध्ये पाणी चढत असताना नोंदीत ते उतरताना दिसत होते.

आणि शेवटी तो ठिपका. सेन्सरचा संदेश सर्व्हरवरून नकाशाकडे एमक्यूटीटीने जात होता. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे देखरेख ठेवण्यासाठी ही पद्धत तयार केली. तिच्यात 'रिटेन' नावाची सोय आहे. शेवटचा संदेश जपून ठेवला जातो आणि नव्याने जोडणाऱ्याला लगेच दिला जातो. त्या रात्री नकाशाचा संगणक बाराच्या सुमारास एकदा पुन्हा चालू करावा लागला. चालू होताच त्याला जपून ठेवलेला ४१ मिळाला आणि त्याने त्यावर स्वतःला मिळाल्याची वेळ टाकली. कर्मचाऱ्याने ठिपक्यावर क्लिक करून पाहिले असते तरी त्याला "४१, ००:०४" दिसले असते. जुनी बातमी ताज्या तारखेने.

गंमत अशी नाही, खंत अशी आहे की याच एमक्यूटीटीत जोडणी अचानक तुटली तर काय जाहीर करायचे हे आधीच सांगून ठेवायची सोयही आहे. तिला मृत्युपत्रच म्हणतात. जोडणी तुटणे ही सांगण्यासारखी घटना आहे हे १९९९ साली लोकांना कळले होते. आमच्या नकाशाला तीनच रंग होते आणि "माहीत नाही" यासाठी रंगच नव्हता.

## समोर असलेले पर्याय

सगळे सेन्सर एनबी-आयओटीवर न्यायचा पर्याय पहिल्याच बैठकीत आला. मोबाइल मनोऱ्यांना बॅटरी असते, तळघरातही संकेत पोहोचतो. पण ७२ उपकरणांचे रेडिओ बदलायचे, आणि त्यानंतरही बुडालेली अँटेना बुडालेलीच राहणार आणि गप्प सेन्सर हिरवाच दिसणार. मूळ दुखण्याला हात लागत नव्हता.

दुसरा पर्याय मी स्वतः लावून धरला होता. प्रत्येक संदेशाची पोच मागायची, पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचा. ऐकायला हे इतके रास्त वाटते की मी दोन बैठका त्यासाठी भांडलो. मग टेबलावर ४० उपकरणे मांडून पाहिले आणि माघार घेतली. आमचा गेटवे पोच पाठवत असताना काहीच ऐकू शकत नव्हता. गर्दी वाढली की पोच वाढतात, पोच वाढल्या की गेटवे बहिरा होतो, मग उपकरणे पुन्हा पुन्हा ओरडतात. वादळात हा उपाय दुखणे वाढवणारा ठरला असता.

तिसरा पर्याय जास्त वेळा बोलण्याचा. इथे बॅटरीचा जुना धाक आडवा आला. तेव्हा आम्ही पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. संदेश पाठवताना ४० मिलीअँपिअर धरले आणि १.५ सेकंद, तर एका संदेशाला सुमारे ०.०१७ मिलीअँपिअर-तास. दर तासाला एक संदेश म्हणजे वर्षाला १५० च्या आसपास. सेन्सरमधल्या डी आकाराच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलची नाममात्र क्षमता १९,००० आहे. दहा वर्षे दर तासाला बोलला तरी सेलचा आठवा हिस्साही जात नाही. खरा खर्च मोजमापाचा आणि झोपेतल्या विजेचा होता, बोलण्याचा नव्हता. सहा तासांच्या शांततेचा निर्णय ज्या भीतीवर घेतला, ती भीती आकड्यात कधी उतरवलीच नव्हती. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे आणि तो आखणीच्या पहिल्या आठवड्यात मीच करायला हवा होता.

चौथा पर्याय अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी मांडला. ते म्हणाले, "मला नकाशा नको. त्या मार्गाच्या तोंडाशी लाल दिवा द्या. पाणी आलं की लागला पाहिजे, बस." पाण्यावर तरंगणारा एक साधा स्विच, वायर आणि दिवा. जाळे नाही, सर्व्हर नाही. स्मार्ट सिटीच्या बैठकीत हे थोडे जुनाट वाटले, पण खोलीतला सर्वात पक्का उपाय तोच होता.

पाचवा पर्याय म्हणजे मौनालाच संदेश मानायचे. पावसात सेन्सर गप्प झाला तर "काहीतरी झाले आहे" असे धरायचे आणि माणूस पाठवायचा. इथे सर्वात कठीण चर्चा झाली. आपत्ती विभागाच्या अधिकाऱ्यांनी विचारले, "प्रत्येक मौनावर गाडी पाठवू म्हणता, माझ्याकडे गाड्या पाच आहेत. तुमच्या खात्रीचा अभाव माझ्या माणसांनी भर पावसात का भरून काढायचा?" प्रश्न अगदी खरा होता. तंत्राला जे कळत नाही त्याचे ओझे कोणाच्या तरी पायांवर पडते, आणि आखणी करणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

## काय केले

सरतेशेवटी चौथा आणि पाचवा पर्याय घेतला, तिसऱ्याच्या आधाराने.

७२ पैकी १९ जागा निवडल्या, जिथे पाणी चढले तर जिवाला धोका. ही यादी आम्ही केली नाही, मुकादम आणि अग्निशमन दल यांनी बसून केली. या १९ सेन्सरनी पाऊस असो नसो, दर १० मिनिटांनी हजेरी लावायची. यात बॅटरी १० ऐवजी ५-६ वर्षांत बदलावी लागेल हे लेखी मान्य केले. बाकीच्यांनी दर तासाला. मोजमाप पूर्ण दहा मिनिटांवरच ठेवले, पण संदेश पाठवण्याआधी प्रत्येकाने शून्य ते चार मिनिटांत कितीही, यादृच्छिक थांबायचे, आणि मोजमापाची वेळ संदेशातच लिहायची. १९ जागांवर स्प्रेडिंग फॅक्टर १० ला बांधून टाकला. थोडी बॅटरी जास्त जाईल, पण आवाज कधीच पडणार नाही.

नकाशावर चौथा रंग आला, राखाडी. ठिपक्याखाली पातळीच्या बरोबरीने "किती मिनिटांपूर्वी" हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात. १९ जागांपैकी कोणी सलग तीन हजेऱ्या चुकवल्या आणि पर्जन्यमापकावर तासाला २० मिलिमीटरहून जास्त पाऊस असेल, तर राखाडी ठिपका लुकलुकतो आणि गाडी निघते. कोरड्या दिवशी तोच ठिपका फक्त देखभालीच्या यादीत जातो. मुकादमांनी फोनवर सांगितलेली पातळीही आता त्याच नकाशावर, त्याच रंगात नोंदवली जाते आणि दोन तास सेन्सरच्या आकड्यापेक्षा वर राहते. माझ्या दृष्टीने सगळ्या बदलांत हा सर्वात मोलाचा.

पाचही गेटवेंना स्वतःची बॅटरी दिली. मग एकेक गेटवे मुद्दाम बंद करून १९ जागा उरलेल्यांना ऐकू येतात का ते पाहिले. चार जागा आल्या नाहीत, म्हणून सहावा गेटवे लागला.

तीन भुयारी मार्गांवर तरंगता स्विच आणि दिवा बसला.

फर्मवेअर बदलणे हे वेगळेच प्रकरण झाले. आमच्या सेन्सरमध्ये हवेतून अद्ययावत करायची सोय नव्हती. असती तरी दूरच्या सेन्सरना एका संदेशात पन्नासेक बाइटच झेपतात, तेव्हा काम सोपे नव्हतेच. ७२ झाकणे हाताने उघडली. पाच आठवडे लागले. चेंबरमध्ये जे दिसले त्याने बऱ्याच जुन्या कोड्यांची उत्तरे मिळाली. एका सेन्सरच्या तोंडासमोर कोळ्याने जाळे विणले होते आणि तो महिनाभर पातळी धोक्याच्या वर सांगत होता, म्हणून कोणीतरी त्याचा इशारा बंद करून ठेवला होता. तीन सेन्सर गाळ काढणाऱ्यांनी बाजूला सरकवून परत उलटे टांगले होते, कारण ते काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. याच फेरीत दोन गेटवेंचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच असल्याचे आढळले. २०१६ साली मिराई या विषाणूने नेमक्या अशाच उपकरणांची फौज उभी केली होती. ते त्याच दिवशी बदलले.

## निष्पत्ती

पुढच्या पावसाळ्याचा पहिला महिना वाईट गेला. लुकलुकणाऱ्या राखाडी ठिपक्यांवर १४ वेळा गाडी गेली, त्यांतल्या ९ वेळा रस्ता कोरडा होता. चालक वैतागले. नवव्या फेरीनंतर एका मुकादमांनी मला फोन करून स्पष्ट सांगितले की असेच चालले तर पोरं उठायची थांबतील. त्या ९ पैकी ५ फेऱ्या दोनच सेन्सरच्या होत्या. एकाची अँटेनाची वायर उंदरांनी कुरतडली होती, दुसऱ्याचा सेल थकला होता. या प्रकारच्या सेलचे व्होल्टेज शेवटपर्यंत ३.६ च्या आसपास सपाट राहते, म्हणून व्होल्टेजवरून तो संपत आल्याचे कळत नाही. त्यानंतर कोरड्या दिवसांतल्या राखाडी ठिपक्याची दुरुस्ती दोन दिवसांत झालीच पाहिजे असा नियम केला. फुकटच्या फेऱ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

त्याच हंगामात ऐन मध्यरात्री पुन्हा तसाच पाऊस झाला. भुयारी मार्गाचा सेन्सर ११० वर असताना गप्प झाला. दिवा त्याआधीच लागला होता आणि दोन रिक्षा तोंडाशीच थांबल्या होत्या. गाडी पोहोचली, साखळी लावली. मार्ग पाऊण तासाने भरला, तेव्हा आत कोणी नव्हते.

अकरा बुडणारे चेंबर अजूनही बुडतात आणि गप्प होतात. तिथे अँटेना झाकणाबाहेर खांबावर न्यायचा प्रस्ताव रस्ते विभागाकडे आहे. तोवर त्यांचे मौन हाच त्यांचा पातळी सांगायचा मार्ग आहे, आणि शेजारच्या चेंबरच्या आकड्यावरून नियंत्रण कक्ष अंदाज बांधतो. दुसऱ्या प्रतिध्वनीचा दोष प्रोग्रॅममधून काही अंशी आवरला: पातळी एका फटक्यात खूप खाली आली आणि पाऊस चालू असेल तर तो आकडा संशयित म्हणून राखाडी दाखवला जातो. पूर्ण उपाय दाबावर चालणारा सेन्सर हाच आहे, पण तो गाळात बसतो आणि त्याची सफाई वेगळी. तीन जागी लावून पाहत आहोत.

## पुन्हा करायचे झाले तर

मुकादमांशी बोलणे मी पहिल्या आठवड्यात करेन, अपघातानंतर नाही. पाणी आधी कुठे चढते, झाकण कुठले बुडते, वीज गेली की काय काय बंद पडते, हे सगळे त्यांना पाठ होते. आम्ही उंचीचे नकाशे आणून तेच शोधत बसलो होतो.

उपलब्धतेची सरासरी करारात लिहिणार नाही. वर्षातले ज्या थोड्या तासांसाठी हे जाळे उभे केले, त्या तासांतली उपलब्धता वेगळी मोजायला लावेन. अडचण ही की असे तास मोजके असतात आणि त्यांवर आकडेवारी बांधणे कठीण जाते. एकत्र घडणाऱ्या बिघाडांची चाचणी कशी घ्यायची, वीज, गर्दी आणि पाणी यांचा मेळ कोरड्या दिवशी कसा उभा करायचा, यावर काम करणारा कोणी विद्यार्थी भेटला तर त्याला मी आमच्या त्या रात्रीच्या सगळ्या नोंदी आनंदाने देईन.

नव्या टप्प्याच्या निविदेचा मसुदा सध्या फिरतो आहे. त्यात स्वीकृतीच्या चाचणीखाली आम्ही लिहिले आहे: चाचणी भर पावसात, रात्री, एक गेटवे बंद ठेवून, पुरवठादाराला आधी न सांगता. पूर्वबैठकीत एका कंत्राटदाराने विचारले, "आणि पाऊसच नाही पडला तर?" मसुद्यात त्याचेही उत्तर घातले आहे. पाऊस पडेपर्यंत थांबायचे, आणि बिलाचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवायचा.